चौदा वाक्यांचा खलनायक

शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला म्हातारा कुणाचा तरी खून करून आला असणार, असं मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. पुरावा काही नव्हता. चेहरा होता, आणि तेवढा मला पुरेसा वाटला. पांढऱ्या जाड भुवया, मोडून घाईघाईत बसवल्यासारखं नाक, आणि डोळे असे की आपण काहीही केलेलं नसताना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. सिंगापुरात, क्लेमेंटीला, आमच्या नवव्या मजल्यावर सगळ्यांची दारं एकाच लांब कॉरिडॉरमध्ये उघडतात. सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले की हे गृहस्थ कठड्याला टेकून उभे असायचे. बोलणं नाही, हसणं नाही, नुसतं बघणं.

"आई, दॅट अंकल सो फिअर्स, ला," माझी मुलगी लिफ्टमध्ये म्हणाली, आणि तेही ते समोर उभे असताना. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण मनातून मला तिचं म्हणणं पटलं होतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तो माणूस आपल्या दारावर नजर ठेवून असतो."

"अगं, म्हातारा माणूस आहे, नव्या देशात आलाय. बघणार नाही तर काय करणार?"

माझ्या नवऱ्याला जगात कुणीच वाईट दिसत नाही. या सवयीचा मला लग्न झाल्यापासून त्रास होतो.

त्या म्हाताऱ्याची मुलगी मात्र माझी मैत्रीण होती. माझ्याच वयाची, पंचेचाळिशीच्या आसपासची, इथल्या विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करणारी. मूळची ग्रीसची. तीन वर्षं ती शेजारी एकटी राहत होती. मी तिला पोहे द्यायचे, ती मला ऑलिव्ह द्यायची, आणि एकमेकींच्या घरच्यांना ते आवडत नसले तरी आम्ही देणं थांबवलं नव्हतं. तिची आई वारली आणि वडील मागे एकटे राहिले, म्हणून ती त्यांना घेऊन आली होती. ते आधी काय करायचे, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण इथं ते मी मराठीतच लिहिते.

मी तापट आहे, हेही आताच सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं एक हौशी मराठी नाटकमंडळ आहे. बँकवाले, हिशेबनीस, वन-नॉर्थला संगणकावर बसणारे, विद्यापीठात पोस्टडॉक करणारी पोरं, असे सगळे मिळून वर्षाला एक नवं नाटक करतो. मी पाया लेबारच्या एका ऑफिसात ऑडिट करते, आणि मंडळात अकरा वर्षं प्रॉम्प्टर आहे. अभिनय मला येत नाही. पण विंगेत संहिता घेऊन बसावं, कोण कुठे अडखळणार ते आधीच ओळखावं आणि नेमक्या वेळी हळूच शब्द पुरवावा, यात माझा हात धरणारं कुणी नाही असा माझा समज होता. आमच्या नटांची पाठांतरं एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होतात, घरापासून ऑफिसपर्यंत आणि परत. त्यामुळे स्टेजवर शांतता पसरली की तिचा अर्थ एकच, कुणीतरी विसरलंय. मनात तीन मोजायचे आणि वाक्य द्यायचं. हा नियम मी स्वतःच घालून घेतला होता आणि त्यावर अकरा नाटकं पार पडली होती.

नवं नाटक हातात आलं की मी ते आधी एकटीच मोठ्यानं वाचते, सगळ्यांच्या आवाजात. त्या शनिवारी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून मी तेच करत होते. नाटक आमच्यातल्याच एकानं लिहिलेलं. कोकणातलं एक जुनं बंदर, दीपगृहाचा म्हातारा रखवालदार, त्याची मुलगी, परदेशी निघून गेलेला तिचा भाऊ, आणि त्यांची जागा लाटायला आलेला एक परदेशी व्यापारी. मी व्यापाऱ्याची वाक्यं दणक्यात म्हणत होते. शेजारचं दार उघडलं. म्हातारा बाहेर आला, बराच वेळ ऐकत राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिसरा आवाज. तो वाईट माणूस आहे ना?"

त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी म्हटलं, "हो."

"तुम्ही फार ओरडता. वाईट माणूस ओरडत नाही. त्याला घाई नसते."

मला असा राग आला! ना ओळख, ना पाळख, आणि हा माणूस मला शिकवणार. मी खुर्ची उचलली, घरात गेले आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

संध्याकाळी शेजारीण ऑलिव्हची बरणी घेऊन दारात उभी. "बाबा तुला काहीतरी बोलले म्हणे. मनावर घेऊ नकोस. त्यांना राहवत नाही. ते नट होते." मग दुसरीकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षं खलनायक होते."

मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. कॉरिडॉरच्या टोकाला ते उभे होते आणि त्या भयंकर चेहऱ्यानं, शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखे, माझ्याकडे बघत होते. मला हसू फुटलं. तेव्हापासून ते आमचे काका झाले.

खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपीचा म्हणजे इथल्या कॉफीचा पेला समोर घेऊन काकांनी मला त्यांची सगळी कारकीर्द ऐकवली. एका बैठकीत नव्हे, कित्येक शनिवारांत. अथेन्सजवळच्या बंदरात ते एका जहाज कंपनीत कारकून होते. एके दिवशी गोदीत सिनेमावाले आले, आणि ज्याच्या हातून नायकाच्या पाठीत सुरा खुपसायचा तो नट आलाच नाही. दिग्दर्शकानं कारकुनांच्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि काकांवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, मला अभिनय येत नाही. तो म्हणाला, करूच नकोस, फक्त बघ." काकांनी बघितलं. पुढची चाळीस वर्षं त्यांना दुसरं काही कुणी करू दिलं नाही. खुनी, चहाड्या करणारा शेजारी, मुली पळवणारा जमीनदार, विधवेला फसवणारा वकील. सिनेमे कृष्णधवल होते ते रंगीत झाले, मग टीव्ही आला, काकांचं काम तेच राहिलं. नायक त्यांच्यापेक्षा बुटके असायचे, म्हणून मारामारीच्या वेळी काकांना खड्ड्यात उभं करायचे. "निम्म्या वेळा मी गुडघाभर खड्ड्यात उभा राहून मेलोय," ते म्हणाले.

बाजारात एका भाजीवालीनं त्यांना टोमॅटो द्यायला नकार दिला होता. "तू त्या पोरीला विष पाजलंस," ती म्हणाली. काकांनी तिला समजावलं की ते चेरीचं सरबत होतं. बाईनं विचार केला आणि म्हणाली, "असू दे, तरी नाही देणार." लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी त्यांना चर्चमध्ये नेलं आणि शपथ घ्यायला लावली, की खऱ्या आयुष्यात आपण कुठल्याही मुलीला बंदरात सोडून पळालेलो नाही. काकांनी घेतली. सासऱ्यांनी लगेच दुसरी शपथ घ्यायला लावली, की पहिली खरी होती.

एकदाच त्यांना चांगल्या माणसाचं काम मिळालं. गावातला प्रेमळ डॉक्टर. "लोक पूर्ण सिनेमाभर वाट बघत बसले, हा आता रोग्याला मारील, मग मारील. शेवटी मी कुणालाच मारलं नाही. लोक चिडले, आठवड्यात सिनेमा उतरवला." हे सांगताना ते इतके हसले की पलीकडच्या टेबलावरच्या दोन आजीबाई आपले नूडल्स उचलून दूर जाऊन बसल्या. काकांचं हसणंही भीतिदायकच होतं, त्याला त्यांचा इलाज नव्हता. मला मात्र एव्हाना तो चेहरा बघितल्याशिवाय शनिवार गेल्यासारखा वाटत नसे.

मुलीबद्दल त्यांनी एकदाच सांगितलं, आणि ते हसत सांगितलं नाही.

ती सात वर्षांची होती. उन्हाळ्यात त्यांच्याकडे उघड्यावरचे सिनेमे असतात. आईबरोबर ती पहिल्यांदाच बाबांचा सिनेमा बघायला गेली. पडद्यावर बाबांनी एका बाईच्या थोबाडीत मारली. त्या नटीचे केस तिच्या आईसारखे होते. पोर किंचाळत उठली आणि रस्त्यावर धावत सुटली. नंतर शाळेत मुलं म्हणायची, तुझा बाप बायकांना मारतो. घरी आल्यावर काका तिला जवळ घ्यायला गेले की ती अंग चोरायची. महिनाभरानं ती पूर्वीसारखी झाली, लाडकी लेक झाली. पण बाबांचं काम तिनं पुन्हा कधी बघितलं नाही. एकही सिनेमा नाही, एकही नाटक नाही. घरात त्यावर बोलायचं नाही, हे कुणी न ठरवता ठरून गेलं.

"माझ्यावर तिचा जीव आहे," काका म्हणाले. "पण मी आयुष्यभर काय केलं, ते तिला माहीत नाही. तिला वाटतं, मी चाळीस वर्षं काहीतरी लाजिरवाणं केलं आणि ते तिनं मोठ्या मनानं माफ केलंय. मला माफी नकोय. तिनं एकदा बसून बघावं, एवढंच हवंय. आता कुठं बघणार? मला कोण काम देणार इथं?"

त्यानंतर तीनच आठवड्यांनी आमच्या व्यापाऱ्याची बँकेनं हाँगकाँगला बदली केली. प्रयोगाला दोन महिने उरले होते. दिग्दर्शक तालमीत डोकं धरून बसला. हा गृहस्थ बँकेत जोखीम सांभाळायच्या खात्यात आहे, पण स्वतःवर आली की त्याला काही सुचत नाही. मी म्हटलं, "परदेशी व्यापारीच हवाय ना? माझ्या शेजारी एक राहतो."

व्यापाऱ्याच्या तोंडी बावीस वाक्यं होती. ती चौदावर आणली. काकांनी ती ग्रीक लिपीत लिहून घेतली आणि वहीत प्रत्येक वाक्याखाली त्याचा अर्थ लिहिला. "श" त्यांच्या तोंडात बसेना, पण परदेश्याच्या तोंडी ते शोभून दिसायचं. तालमीला ते सगळ्यांच्या आधी यायचे. मंडळातली तरुण पोरं आधी बिचकली, मग दोन आठवड्यांत "काका, काका" करत त्यांच्याभोवती गोळा व्हायला लागली. काकांची एक पद्धत होती. प्रवेश सुरू होण्याआधी ते रखवालदाराच्या मुलीचं काम करणाऱ्या आमच्या पोस्टडॉककडे जायचे, तिचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "मी आता तुझं वाईट करणार आहे. चालेल?" ती हो म्हणाली तरच काम सुरू. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग बघितलं की त्यानंतर ती पोरगी जास्त मोकळेपणानं घाबरते, आणि हसणं बंद झालं.

मोठा प्रवेश दुसऱ्या अंकात होता. मुलगी घरात एकटी. व्यापारी येतो. तिच्या हरवलेल्या भावाचं पत्र त्याच्या हाती लागलेलं असतं. जागेच्या कागदावर सही केलीस तर पत्र देतो, म्हणतो. ती सही करत नाही. तेव्हा तो दिव्यावर धरून पत्र जाळतो, असं संहितेत होतं. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये काडी पेटवायची परवानगी मिळेना. दिग्दर्शक म्हणाला, फाडून टाका. काकांनी मान हलवली. "आधी घडी घालायची. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग फाडायचं." त्यांनी करून दाखवलं, आणि तालमीच्या खोलीतला पंखासुद्धा मला ऐकू आला. फाडून झाल्यावर वाक्य होतं, "यात तुझ्या भावाचा पत्ता होता."

पण शेवटच्या तालमीत याच वाक्याला काका अडले. खरोखर विसरले. माझ्याकडे बघितलं, मी वाक्य दिलं, त्यांनी घेतलं. घरी येताना बसमध्ये ते वही उघडून वाक्यं चाळत होते. मग म्हणाले, "वय झालं. परवा असं झालं तर?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "मी बसलेली असताना काळजी कसली करता?" त्यांचा डावा कान जरा जड होता आणि माझी विंग डावीकडेच होती. मी मनाशी ठरवलं, वाक्य द्यायची वेळ आलीच तर मोठ्यानं द्यायचं.

आणि शेजारीण येत नव्हती. "मला त्यांचा आनंद दिसतोय," ती म्हणाली. "मी त्यांचे कपडे इस्त्री करून देते, वेळेवर पाठवते. पण बघायला बोलावू नकोस."

"चौदा वाक्यं आहेत. त्यातलं तुला एकही कळणार नाही."

"सात वर्षांची असताना मला सगळी वाक्यं कळत होती आणि मी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. मी चेहरा बघत होते. आमच्या घरातला चेहरा." ती शांतपणे बोलत होती. मला शांतपणे बोलणाऱ्या माणसांचा फार राग येतो. मी कॉरिडॉरमध्येच आवाज चढवला. तुझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, म्हटलं, पुढच्या वर्षी मंडळ परदेश्याचं नाटक करणार नाही, तू काय त्यांच्या श्राद्धाला सिनेमे बघणार आहेस का? हे मी बोलायला नको होतं. तिला श्राद्ध समजावून सांगावं लागलं, तेव्हा तर फारच नको होतं असं वाटलं. ती दार लावून आत गेली. मी तिकीट दाराखालून सरकवलं. तिसरी रांग, कडेची खुर्ची, दरवाजाजवळची.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. नारळ फुटला, काकांनी आमचं बघून रंगमंचाला हात लावून नमस्कार केला, तिसरी घंटा झाली. कडेची खुर्ची रिकामी होती. मी काकांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पहिला अंक संपला. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा माझ्या विंगेतून मला ती दिसली. पर्स मांडीवर घट्ट धरून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. एक पाय आधीच वाटेत काढून ठेवलेला.

काका आत आले. मी त्यांना दोन महिने बघत होते, पण हा माणूस मी बघितला नव्हता. ओरडणं नाही, घाई नाही. ते त्या मुलीशी इतके सौजन्यानं बोलत होते की पहिल्या रांगेतल्या एका काकू नकळत मागे सरकल्या. सही कर. नाही करणार. त्यांनी पत्र काढलं. घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. फाडलं. तुकडे टेबलावर ठेवले, हळूच, एकावर एक.

आणि गप्प झाले.

मी एक मोजला. त्यांची मान खाली होती. दोन. परवाची बस आठवली. वय झालं, असं झालं तर? तीन. त्यांची लेक समोर बसलीय, आयुष्यात पहिल्यांदा, आणि हे विसरले. चार म्हणायच्या आत मी वाक्य दिलं. त्यांच्या जड कानासाठी, खणखणीत आवाजात.

"यात तुझ्या भावाचा पत्ता होता!"

पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आधी एक जण खुसखुसला, मग पाच-सहा, मग हॉलभर हसू पसरलं. कुणीतरी म्हणालं, "प्रॉम्प्टरला टाळ्या!" काकांनी मान वर केली. ते विसरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत बघताक्षणी मला ते कळलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. शेजारीण उठून उभी राहिली होती. चालली, मला वाटलं, मीच घालवली तिला. पण ती दरवाजाकडे वळली नव्हती. ती हसणाऱ्या लोकांकडे वळली होती. गोरी गोरी शांत बाई, लालबुंद झालेली. ती इंग्रजीत ओरडली, "गप्प बसा! त्यांचं अजून संपलेलं नाही!"

हॉल चिडीचूप झाला. ती खाली बसली. या वेळी पाठ टेकून.

काकांनी घाई केली नाही. पुन्हा मान खाली घातली, तुकड्यांकडे बघितलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेवढाच वेळ गप्प राहिले. मी संहिता मिटून मांडीखाली ठेवली होती. मग त्यांनी आपल्या घोगऱ्या, परक्या मराठीत ते वाक्य म्हटलं, अगदी हळू, जणू त्यांनाच त्याचं वाईट वाटतंय. पहिल्या रांगेतल्या त्या काकूंनी हुंदका दिला. आमच्या प्रेक्षकांना एंट्रीला टाळ्या वाजवायची सवय आहे, एक्झिटला तर असतेच. काका विंगेत परत आले तेव्हा एकही टाळी पडली नाही.

प्रयोग संपल्यावर रंगपटात शेजारीण आधी माझ्याकडेच आली. काका तोंड धुवायला गेले होते.

"तू मध्ये का बोललीस?"

"मला वाटलं विसरले."

"ते विसरले नव्हते."

"तुला कसं कळलं? तुला मराठी येत नाही, तू त्यांचं काम कधी बघितलं नाहीस—"

"मला ती शांतता माहीत आहे." ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मी इथं होते. बाबांनी फोन केला. माझं नाव घेतलं आणि असेच गप्प झाले. एवढाच वेळ. मला वाटलं लाइन गेली. मी तुझ्यासारखीच मध्ये बोलले. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, असं ओरडत राहिले. त्यांना मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली." ती खुर्चीवर बसली. "आज तसं व्हायला नको होतं. मी लहानपणी समजले होते की तो पडद्यावरचा माणूस आमच्या घरात राहतो. ते उलटं होतं. माझे बाबा तिथं जाऊन राहायचे."

मी तिची माफी मागितली, श्राद्धाचीसुद्धा. आम्ही दोघी रडत असताना काका टॉवेलनं तोंड पुसत आत आले. अर्ध्या चेहऱ्यावर रंग तसाच. मुलीला बघून दारातच थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, आणि मला ते काय विचारतायत हे कळलं.

"शेवटपर्यंत बसली," मी म्हटलं.

"घाबरली?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "खूप."

काकांचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, आणि सांगते, तोही थोडा भीतिदायकच होता.

नंतर सगळ्यांनी खालच्या कँटीनमध्ये चहा घेतला. मंडळातली पोरं येऊन काकांच्या पाया पडून जात होती, दिग्दर्शक माझ्याकडे बघणं टाळत होता, आणि ते योग्यच होतं. काकांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते मुलीच्या समोर बसले होते, कोपराशी कोपी गार झालेली. ती त्यांना प्रवेश सांगत होती. ते कसे आत आले, कुठं बघितलं, रखवालदाराची मुलगी नाही म्हणाली तेव्हा त्यांचा हात कसा टेबलावरच राहिला. इंग्रजीत सुरू केलेलं मध्येच ग्रीकमध्ये जात होतं आणि माझ्याकडे लक्ष गेलं की परत येत होतं. नाटक त्यांनी स्वतःच केलं होतं, चौदाच्या चौदा वाक्यं त्यांचीच होती. तरी ते पुढे वाकून, तिच्या तोंडावरची नजर न हलवता ऐकत होते, आणि ती श्वास घ्यायला थांबली की विचारत होते, "मग? मग मी काय केलं?"